होनू : थोरल्या पातीचे कासव

हवाई बेटांच्या उथळ किनाऱ्यांवर काचेचा मुखवटा लावून पाण्यात उतरणाऱ्या माणसाला हिरवे समुद्री कासव दिसणे आज जवळजवळ गृहीत धरले जाते. पन्नास वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. १९७३ मध्ये जॉर्ज बालाझ या जीवशास्त्रज्ञाने या कासवांच्या विणीच्या मुख्य बेटावर पद्धतशीर मोजणी सुरू केली, तेव्हा अंडी घालण्यासाठी वाळूवर आलेल्या माद्या अवघ्या ६७ भरल्या. तेथून आजच्या सुस्थितीपर्यंतची वाटचाल कायद्याने आणि विज्ञानाने घडवली हे खरे. तरीही हवाईचे मूळ रहिवासी या प्राण्याकडे ज्या नजरेने पाहत आले, ती नजर समजून घेतल्याशिवाय पाण्यातल्या त्या भेटीचा अर्थ पुरता लागत नाही. हवाईयन भाषेत हिरव्या समुद्री कासवाला ‘होनू’ म्हणतात, तर शास्त्रात ते ‘चेलोनिया मायडस’ या नावाने ओळखले जाते.

स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात धरलेल्या वाकड्या नळीतून श्वास घेत, चेहरा पाण्यात ठेवून पृष्ठभागावर पालथे तरंगत जाणे. यात खोल बुडी मारावी लागत नाही आणि पाठीवर हवेची टाकीही लागत नाही, त्यामुळे पोहणाऱ्याचा वावर किनाऱ्यालगतच्या काही मीटर खोलीच्या पट्ट्यापुरताच राहतो. होनूचा चराऊ प्रदेशही नेमका हाच आहे. पिल्लू असताना ते खुल्या समुद्रात तरंगत मिळेल ते लहानसहान जीव आणि वनस्पती खाते. काही वर्षांनी किनाऱ्याकडे आले की मात्र मुख्यतः शाकाहारी होते आणि खडकांवर वाढणाऱ्या शेवाळावर जगू लागते. या समुद्री शेवाळाला हवाईयन लोक ‘लिमू’ म्हणतात, आणि अनेक प्रकारचे लिमू त्यांच्या स्वतःच्या जेवणातही असते. सूर्यप्रकाश भरपूर मिळतो तेथेच लिमू जोमाने वाढते, म्हणजे उथळ पाण्यात. म्हणून माणूस आणि कासव यांची गाठ हवाईत इतक्या सहज पडते. ही गाठ कासवाच्या जेवणाच्या जागीच आणि बहुधा जेवणाच्या वेळीच पडते, ही गोष्ट पोहणाऱ्याने विसरता कामा नये.

पूर्ण वाढलेल्या होनूचे कवच सुमारे एक मीटर लांब असते आणि वजन शंभर ते दीडशे किलोच्या घरात जाते. त्याच्या नावातला हिरवा रंग कवचाचा नाही. कवच तपकिरी, काळपट किंवा पिवळसर रेषांनी उजळलेले असते. हिरवी असते ती आतली चरबी, आणि तो रंग शाकाहाराचा परिणाम मानला जातो. हवाईच्या पाण्यात दिसणारे दुसरे कासव म्हणजे चोचीसारख्या अरुंद तोंडाचे ‘होनुएआ’. ते फार दुर्मीळ असून त्याच्या विणीच्या मोजक्या जागा मुख्यतः हवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि माउई बेटावर आहेत. दोघांमधला फरक जवळून पाहणाऱ्याला चेहऱ्यावरच ओळखता येतो: होनूच्या दोन डोळ्यांच्या मध्ये मोठ्या खवल्यांची एकच जोडी असते, होनुएआच्या दोन असतात. होनूच्या जबड्याची कड करवतीसारखी दातेरी असते, आणि चरताना ते मान तिरकी करून लिमूचा झुपका त्या कडेत पकडते, झटका देऊन तोडते, आणि लाटेने खडकापासून दूर लोटले गेले तरी घाई न करता पुढच्या लाटेबरोबर परत त्याच जागी येते. लाटेच्या ये-जा करणाऱ्या ओढीत असे डुलत चरणारे कासव पाहिले, की त्या देहाची बोजड वाटणारी घडण पाण्यासाठी किती नेमकी आहे हे ध्यानात येते.

कासवाला कल्ले नसतात. त्याला फुप्फुसे असतात आणि श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. विश्रांती घेत असताना ते तासन् तास पाण्याखाली राहू शकते, पण चरताना किंवा पोहताना त्याला दर काही मिनिटांनी वर येऊन डोके बाहेर काढावे लागते. तो श्वास क्षणभराचा असतो, परंतु त्या क्षणी कासवाच्या नेमके वरच्या बाजूला माणसे तरंगत असतील, तर ते वर येण्याचे टाळते किंवा लांबून फेरा घेते, आणि त्यात श्वास आणि शक्ती दोन्ही खर्च होतात. पाण्यातल्या गर्दीचा कासवाला होणारा त्रास बहुतांशी असा न दिसणारा असतो.

अधिक बारकाईने पाहणाऱ्याला होनूचे आणखी एक रूप दिसते. प्रवाळाच्या काही ठरावीक जागांवर कासवे येऊन जवळजवळ निश्चल थांबतात, मान आणि चारही वल्ही ताणून पसरतात, आणि पिवळाधमक टँग मासा व त्याच्या कुळातले इतर मासे त्यांच्या कवचावर जमलेले शेवाळ टिपून खाऊ लागतात. काही लहान मासे कातडीवरचे परजीवी वेचतात. शास्त्रज्ञ अशा जागांना सफाईची ठाणी म्हणतात. कवच स्वच्छ राहिल्याने कासवाला पोहताना पाण्याचा अडथळा कमी होतो आणि माशांचे पोट भरते. अशा ठाण्यावर माणूस फार जवळ गेला तर मासे पांगतात, कासव निघून जाते आणि त्या दिवशीचा तो व्यवहार मोडतो.

पाण्याबाहेरही होनू पाहायला मिळते. जगातली बहुतेक समुद्री कासवे फक्त अंडी घालण्यासाठी, आणि त्याही केवळ माद्या, वाळूवर येतात. हवाईत मात्र नर आणि मादी दोघेही दिवसाउजेडी किनाऱ्यावर येऊन ऊन खात पडून राहतात. ही सवय गलापगोस आणि ऑस्ट्रेलियासारख्या फार थोड्या ठिकाणच्या हिरव्या कासवांत आढळते. थंड रक्ताच्या प्राण्याला शरीर तापवायला आणि अन्न पचवायला उन्हाची मदत होते, शिवाय टायगर शार्कपासून तेवढा वेळ सुटका मिळते, अशी त्याची कारणे सांगितली जातात. असे वाळूवर पडलेले कासव आजारी किंवा अडकलेले आहे असे समजून त्याला पाण्यात ढकलण्याचा प्रयत्न काही पर्यटक करतात, आणि तो त्याला केलेला उपद्रवच ठरतो. त्याच्या डोळ्यांतून ओघळणारे पाणीही दुःखाचे नसते. खाऱ्या पाण्यात जगताना शरीरात साठणारे जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी डोळ्यांजवळ असतात, त्यांचा तो स्राव असतो.

होनोलुलूच्या दुकानांत होनू लॉकेटवर, शर्टावर आणि गाडीच्या काचेवर दिसते, आणि सोबतच्या कार्डावर ते सुदैवाचे आणि दीर्घायुष्याचे प्रतीक असल्याचे लिहिलेले असते. हा अर्थ खोटा नाही, पण फार अपुरा आहे, कारण तो कासवाला माणसाच्या उपयोगाचे करून ठेवतो. हवाईयन परंपरेत होनूचे स्थान ज्या ग्रंथात सर्वांत ठळकपणे सापडते तो म्हणजे ‘कुमुलिपो’ हा सृष्टिनिर्मितीचा दीर्घ स्तोत्रपाठ. दोन हजारांहून अधिक ओळींची ही रचना पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत राहिली, ती एका राजघराण्याच्या वंशावळीचा भाग होती, आणि राजा कालाकाउआ याने १८८९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. हवाईची अखेरची राणी लिलिउओकालानी हिने तिचा इंग्रजी अनुवाद केला. सत्ता उलथवली गेल्यानंतर १८९५ मध्ये तिला तिच्याच इओलानी राजवाड्यात कैदेत ठेवण्यात आले होते, त्या काळात तिने हे काम हाती घेतले आणि १८९७ मध्ये ते प्रकाशित झाले. राज्य हिरावलेल्या राणीने आपल्या प्रजेची वंशावळ परक्यांच्या भाषेत नोंदवून ठेवावी, ही घटना त्या ग्रंथाचे मोल सांगायला पुरेशी आहे.

कुमुलिपोची सोळा प्रकरणे म्हणजे सोळा युगे आहेत. त्यांपैकी पहिली सात ‘पो’मध्ये, म्हणजे आदिम अंधारात घडतात. या अंधारात भयाची छटा नाही. तो देवांचा, पूर्वजांचा आणि सर्व जन्मांच्या उगमाचा प्रदेश आहे. सर्वांत आधी प्रवाळाचा जीव जन्मतो, मग समुद्रातले इतर जीव, मग मासे, मग कीटक आणि पक्षी. चौथ्या युगात सरपटणारे जीव येतात आणि त्यांत होनू व होनुएआ यांचा जन्म सांगितला आहे. त्यानंतर डुक्कर, उंदीर, कुत्रा आणि वटवाघूळ यांची पाळी येते, आणि आठव्या युगात ‘आओ’, म्हणजे उजेड फुटल्यावर, माणूस जन्मतो. एकाच वंशवृक्षाच्या या मांडणीत माणूस शेंडेफळ आहे. मराठी इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर होनू थोरल्या पातीचे आणि माणूस धाकट्या पातीचा. थोरल्याचा मान राखणे हे धाकट्याचे कर्तव्य, आणि धाकट्याला सांभाळून घेणे, पोसणे ही थोरल्याची जबाबदारी. हवाईयन माणूस समुद्राशी आणि जमिनीशी जे नाते सांगतो त्याचा गाभा या ज्येष्ठ-कनिष्ठतेत आहे, आणि दुकानातल्या कार्डावरच्या सुदैवात नेमकी तीच हरवते.

या नात्याचे घरोघरचे रूप म्हणजे ‘आउमाकुआ’ ही कल्पना. आउमाकुआ म्हणजे मरणानंतर दैवत झालेला कुळाचा पूर्वज, जो एखाद्या प्राण्याच्या, वनस्पतीच्या किंवा नैसर्गिक वस्तूच्या रूपात वंशजांजवळ राहतो, त्यांना संकटाची सूचना देतो, चुकले तर शासनही करतो. काही कुळांचा आउमाकुआ शार्क असतो, काहींचा घुबड, काहींचा होनू. ज्या कुळाचे आउमाकुआ होनू असेल त्या कुळातली माणसे होनू मारत नसत आणि खात नसत. पर्यटनाच्या साहित्यात होनू हे सर्व हवाईयनांचे आउमाकुआ असल्याचे सरसकट लिहिले जाते, ते बरोबर नाही. हे नाते कुळाकुळाचे असते, वारशाने येते, आणि कोणी बाहेरचा माणूस आवड म्हणून ते अंगावर घेऊ शकत नाही. शेजारच्या कुळाला तेच कासव अन्न म्हणून चालत असे, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे.

होनू हे हवाईत प्राचीन काळापासून अन्न होते, ही गोष्ट आजच्या भाविक वर्णनांत झाकली जाते. त्याचे मांस खाल्ले जाई, चरबीचा उपयोग औषधासाठी होई, हाडांपासून आणि कवचापासून अवजारे बनत. होनुएआच्या चकचकीत कवचाला गळ आणि दागिने घडवण्यासाठी विशेष मागणी होती. परंतु हे खाणे मोकाट नव्हते. जुन्या हवाईत ‘कापू’ नावाची निर्बंधांची कडक व्यवस्था होती, जिच्यात पवित्र आणि निषिद्ध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. कोणता मासा कोणत्या ऋतूत धरायचा नाही हे ती ठरवत असे. बांगड्यासारख्या ओपेलू माशावर आणि आकू म्हणजे ट्यूनाच्या एका जातीवर वर्षातून आळीपाळीने बंदी असे, म्हणजे एकाला धरण्याच्या हंगामात दुसऱ्याला वीण वाढवायला उसंत मिळे. याच व्यवस्थेने स्त्रियांना डुकराचे मांस, केळी, नारळ आणि कासव खाण्यास मनाई केली होती, आणि ही मनाई मोडल्यास मृत्यूची शिक्षा असे. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणेही निषिद्ध होते. १८१९ मध्ये राणी काआहुमानू आणि तरुण राजा लिहोलिहो यांनी जाहीर पंगतीत एकत्र जेवून ही व्यवस्था मोडीत काढली. तिच्यातला अन्याय त्या दिवशी संपला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु समुद्रातून किती आणि केव्हा घ्यायचे याचे जे शहाणपण तिच्यात होते, त्याचा आधारही त्याबरोबर ढासळला, आणि त्याची भरपाई करायला पुढे दीड शतक लागले.

होनूविषयीच्या कथांपैकी सर्वांत प्रसिद्ध कथा हवाई बेटाच्या काऊ या दक्षिण भागातल्या पुनालुउ येथील आहे. या किनाऱ्याची वाळू लाव्हाच्या चुऱ्यापासून बनल्यामुळे काळीकुट्ट आहे, आणि तेथे जमिनीखालचे गोडे पाणी समुद्राच्या तळातून उमाळ्यांनी वर येते; पूर्वीचे लोक भोपळ्याचे तुंबे घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारत आणि तळाशी ते गोड्या पाण्याने भरून घेत, अशी माहिती या जागेच्या नावातच साठवलेली आहे. कथा अशी की एका अलौकिक कासव-दांपत्याने या किनाऱ्यावर एक अंडे घातले, जे काउइला नावाच्या काळपट कठीण लाकडासारखे गर्द होते. त्यातून काउइला नावाचीच कासवी जन्मली. तिची आई-वडिलांनी खणलेल्या झऱ्यात वस्ती असे. ती कधी मुलीचे रूप घेऊन किनाऱ्यावरच्या पोरांत खेळे, त्यांच्यावर नजर ठेवी, आणि तिच्या झऱ्यामुळे गावाला गोडे पाणी मिळे. दैवत येथे दूर आकाशात राहत नाही; पाण्याची सोय आणि मुलांची राखण ही रोजची, घरगुती कामे ते करते. खऱ्याखुऱ्या झऱ्याच्या भूगोलाला कथेने दिलेले हे रूप इतके नेटके आहे, की पुनालुउच्या वाळूवर आजही ऊन खाणारी कासवे पाहताना ती कथा तेथल्या लोकांच्या तोंडी येते, यात नवल नाही.

पहिल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींना हवाईची वाट कासवांनी दाखवली असेही सांगितले जाते. ती आख्यायिका आहे, आणि ऐतिहासिक पुराव्याच्या तोडीची नाही. त्या नाविकांनी तारे, लाटांची दिशा, पक्षी आणि वारा यांवरून मार्ग काढण्याचे जे शास्त्र सिद्ध केले होते, ते १९७६ मध्ये होकुलेआ या दुहेरी सांगाड्याच्या शिडाच्या नावेने कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहिती गाठून पुन्हा जगासमोर आणले. मात्र होनूचा स्वतःचा प्रवास कोणत्याही आख्यायिकेइतकाच थक्क करणारा आहे. मुख्य बेटांच्या किनाऱ्यांवर चरणाऱ्या कासवांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कासवांची वीण सुमारे ८०० किलोमीटर वायव्येला, लालो या कंकणाकृती प्रवाळद्वीपाच्या इवल्याशा वाळूच्या बेटांवर होते. इंग्रजी नकाशांवर या जागेचे नाव फ्रेंच फ्रिगेट शोल्स असे आहे. मादीला वयात यायला पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मग दर काही वर्षांनी ती खुला समुद्र ओलांडून आपल्या जन्माच्या परिसरात जाते, रात्री वाळूत खड्डा करून एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते, एका हंगामात असे अनेकदा करते, आणि मग पुन्हा आपल्या नेहमीच्या चराऊ खडकाकडे परतते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात.

हवाईयन विश्वरचनेत लालोचे स्थान पाहिले की हा प्रवास वेगळाच भासू लागतो. कर्कवृत्ताजवळ मोकुमानामाना नावाचे एक उजाड खडकाळ बेट आहे, जेथे ‘हेइआउ’ म्हणजे दगडी उपासनास्थळे तिसाहून अधिक संख्येने उभी आहेत. हे बेट जिवंतांच्या आओ या जगाचा आणि देव-पितरांच्या पो या जगाचा उंबरठा मानले जाते. लालो त्या उंबरठ्याच्या पलीकडे आहे. म्हणजे स्तोत्रात जे कासव पोच्या अंधारात जन्मले असे सांगितले आहे, त्याची आजची पिल्लेही पोच्याच प्रदेशात जन्मतात, उजेडाच्या जगात येऊन वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा पितरांच्या जगात जातात. प्राचीन हवाईयनांना या विणीच्या जागेची कितपत माहिती होती याविषयी तर्क करण्याची गरज नाही. ग्रंथ आणि निसर्ग यांची ही जुळणी हवाईयनांच्या आजच्या पिढीला प्रिय वाटावी हे साहजिक आहे. या सर्व दूरस्थ बेटांचा परिसर २००६ मध्ये संरक्षित सागरी स्मारक म्हणून घोषित झाला, त्याला धरित्रीमाता पापाहानाउमोकू आणि आकाशपिता वाकेआ यांच्या नावांवरून पापाहानाउमोकुआकेआ हे नाव मिळाले, आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर स्थान दिले.

मधल्या काळात मात्र होनूची पीछेहाट झाली होती. विसाव्या शतकात व्यापारी मासेमारीने लालोपर्यंत मजल मारली, आणि पर्यटन वाढले तसे उपाहारगृहांत कासवाचे मांस हौसेचा पदार्थ म्हणून विकले जाऊ लागले. १९७४ मध्ये हवाई राज्याने शिकारीवर निर्बंध घातले आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली होनूला संरक्षण मिळाले. त्यानंतर विणीला येणाऱ्या माद्यांची संख्या वर्षाला सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी वाढत गेली, आणि जी कासवे माणसाची चाहूल लागताच दूर पळत, त्यांची पुढची पिढी पोहणाऱ्यांना न बुजता चरू लागली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगभरच्या हिरव्या कासवाला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात ठेवले. त्या यशात हवाईचा वाटा ठळक आहे.

या यशानेच एक अवघड प्रश्न उभा केला. २०१२ मध्ये असोसिएशन ऑफ हवाईयन सिव्हिक क्लब्ज या मूळ हवाईयनांच्या संघटनेने होनूला संरक्षित यादीतून वगळण्याची विनंती केंद्र सरकारकडे केली. संख्या सावरली असेल तर पूर्वजांप्रमाणे मर्यादेत कासव धरण्याची मुभा स्थानिकांना असावी, आणि किनाऱ्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार त्यांच्याकडे यावा, ही या मागणीमागची एक महत्त्वाची भूमिका होती. अनेक हवाईयनांना ही कल्पना मुळीच मान्य नव्हती, विशेषतः ज्यांचे आउमाकुआ होनू आहे त्यांना. २०१६ मध्ये सरकारने संरक्षण कायम ठेवले, आणि त्याचे मुख्य कारण असे होते की जवळजवळ सगळी वीण एकाच जागी एकवटलेली आहे. हा निर्णय योग्यच होता. परंतु होनू खाणे म्हणजे संस्कृतीचा अपमान, असे बाहेरच्यांनी हवाईयनांना सांगणे योग्य नाही. ज्या संस्कृतीने घेणे आणि राखणे यांची सांगड शेकडो वर्षे घातली, तिला केवळ पूजेपुरते उरवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सरकारची भीती किती खरी होती हे दोनच वर्षांत दिसले. ऑक्टोबर २०१८ मध्ये वालाका हे चक्रीवादळ लालोवरून गेले आणि ईस्ट आयलंड हे वाळूचे बेट, जेथे होनूची वीण मोठ्या प्रमाणावर होत असे, जवळजवळ पूर्ण धुऊन गेले. पुढे तेथे थोडी वाळू पुन्हा साठली आणि अनेक माद्या शेजारच्या टर्न आयलंडवर वळल्या, पण तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीची मोडकळीला आलेली संरक्षक भिंत कासवांना सापळा ठरते. समुद्राची पातळी वाढली तर सखल बेटे टिकणार नाहीत. शिवाय अंड्यातल्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, आणि वाळू तापत गेली तर माद्यांचे प्रमाण वाढत जाऊन नर दुर्मीळ होतात. फायब्रोपॅपिलोमा हा गाठींचा रोगही होनूला छळत आला आहे; एका नागीण-कुळातल्या विषाणूशी तो जोडला जातो, नव्वदच्या दशकात तो शिगेला पोहोचला आणि नंतर बराच ओसरला. डोळ्यांवर आणि तोंडाभोवती अशा गाठी असलेले कासव पाण्यात आजही दिसू शकते.

ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील लानिआकेआ येथे कासवे पाहण्यासाठी इतकी गर्दी लोटते की स्वयंसेवक पहुडलेल्या कासवाभोवती वाळूवर लाल दोरी टाकतात आणि येणाऱ्यांना समजावतात. अमेरिकेच्या सागरी संस्थेची शिफारस जमिनीवर आणि पाण्यात किमान दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर अंतर राखण्याची आहे. कासवाला स्पर्श करणे, त्याचा पाठलाग करणे किंवा त्याला छळणे कायद्याने गुन्हा आहे. हवाईयन भाषेत यासाठी ‘कुलेआना’ ही संकल्पना आहे, जिच्यात हक्क आणि जबाबदारी एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. पाहण्याचा हक्क हवा असेल तर अंतर राखण्याची जबाबदारी आलीच. तीन मीटरांचा नियम सरकारी कागदावर अलीकडे आला, पण थोरल्यासमोर धाकट्याने कसे वागावे याचा जो संस्कार कुमुलिपोत आहे त्याला तो चपखल बसतो.

मराठी वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रातल्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत कोरलेले कासव असते. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केल्यावर, जेथे पूर्वी अंडी उकरून नेली जात तेथेच गावकरी अंड्यांची राखण करू लागले. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्कलिंग आता रुळले आहे, आणि हवाईला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्याही कमी नाही. दोन्हीकडे लागू पडणारे नियम थोडे आहेत. कासव दिसले की हालचाल मंद करावी आणि त्याला आपल्या बाजूने पुढे जाऊ द्यावे. त्याच्या वर तरंगू नये, त्याला खडकाशी कोंडू नये, खायला काही घालू नये. प्रवाळावर उभे राहू नये. प्रवाळाला अपायकारक ठरलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही द्रव्ये असलेली उन्हाची मलमे विकण्यास हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा बॅगेत मलम भरण्यापूर्वी त्याच्या डबीवरची घटकद्रव्ये प्रत्येकाने वाचून घ्यावीत.